जर्मन सिनेमातली टीका कुठे बघायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी ‘जर्मन भाषेतला सिनेमा आणि समाजावरची टीका’ या विषयावर चार-पाच चित्रपट निवडायचे आहेत. सुरुवात म्हणून तुम्ही पश्चिम जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा १९७४ सालचा ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ पाहिलात आणि वैतागलात. नट पुतळ्यासारखे उभे राहतात, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि ‘परक्या माणसाला वाईट वागवू नये’ एवढंच सांगायचं तर दीड तास कशाला, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, ‘माझं काही चुकतंय की हे सिनेमे उगाच डोक्यावर घेतलेत?’

चुकत काही नाही. तीसेक वर्षं पुण्यात फिल्म सोसायटी चालवतोय. खेळ संपून दिवे लागले की पहिला हात वर होतो तो बहुतेक वेळा हेच विचारायला.

चित्रपट संथ आहे किंवा नट थंड आहेत, ही मला खरी अडचण वाटत नाही. तुम्ही टीका ऐकू यायची वाट बघत बसलात. आपला कानच तसा तयार झालाय: कोर्टाचा प्रसंग येणार, नायक दोन मिनिटं बोलणार, मागे व्हायोलिन वाजणार आणि समाजाचा पंचनामा होणार. या सिनेमांत पंचनामा होतो, पण मुक्याने. कोण कुठे बसलंय, कोणाच्या शेजारून कोण उठलं, दारात कोण थांबलं आणि कोणाला ‘आत या’ म्हटलं गेलं, यातून. संवाद त्या मानाने किरकोळ असतात, कधी कधी तर मुद्दाम खोटे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करतो. ‘जर्मन सिनेमा’ हे एकच गाठोडं नाही. १९४९ ते १९९० या काळात दोन जर्मनी होत्या, शिवाय ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचा जर्मन भाषिक भाग वेगळाच. पैसा कोण देतं आणि कात्री कोणाच्या हातात आहे, यावर टीकेची पद्धत ठरते. पश्चिम जर्मनीत १९६२ मध्ये ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात २६ जणांनी ‘जुना सिनेमा मेला’ असं जाहीर केलं. त्या रेट्यातून १९६५ मध्ये तरुण दिग्दर्शकांसाठी निधी उभा राहिला, पुढे टीव्हीचा पैसा आला, आणि त्या सरकारी पैशावर त्या पिढीने सरकारला मनसोक्त नावं ठेवली. पूर्वेत स्टुडिओच सरकारी. तिथली टीका वेगळ्या चालीने चालते, त्याबद्दल पुढे. तुम्ही कोणत्या सबटायटल्सवर पाहिलात यानेही फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत तो पडलाच असावा.

नावच घ्या. ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ हे व्याकरणाने चुकलेलं जर्मन आहे. ‘भीती आत्म्याला खाऊन टाकते’ असं नीट म्हणायचं तर ‘एसेन’च्या जागी ‘इस्ट’ यायला हवं. चित्रपटाचा नायक, मोरोक्कोहून आलेला कामगार अली, क्रियापद चालवतच नाही, शब्दकोशातलं रूप तसंच ठेवतो. मराठीत कोणी ‘भीती आत्मा खाऊन टाकणे’ म्हणावं तसं. इंग्रजी नावात हे व्याकरण दुरुस्त करून टाकलंय. सबटायटल्समध्येही त्याची मोडकी भाषा बरीचशी सपाट होते, आणि मग किराणावाला ‘याचं बोलणं मला कळत नाही’ म्हणून त्याला परत पाठवतो तेव्हा त्यातला डाव आपल्या लक्षात येत नाही. कळतं त्याला सगळं, फक्त द्यायचं नसतं. आणि त्याचं नाव अलीसुद्धा नाही. एमी, म्हणजे त्याच्याशी लग्न करणारी जर्मन बाई, विचारते तेव्हा तो ‘एल हेदी बेन सालेम’ने सुरू होणारं लांबलचक नाव सांगतो. ते त्या नटाचं स्वतःचं नाव. पण सगळे अली म्हणतात, म्हणून तो अली.

हे म्युनिक आहे, १९७३ मधलं. १९५५ पासून पश्चिम जर्मनी करार करून बाहेरून कामगार आणत होती, आधी इटलीतून, मग तुर्कस्तान, मोरोक्को आणि इतर ठिकाणांहून. त्यांना शब्द होता ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणा-कामगार. पाहुण्याला काम करायला लावणारा यजमान हा त्या शब्दातला विनोद जर्मनांच्याही लक्षात आला होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंची हत्या केल्यानंतर त्या शहरात अरब माणसाकडे कसं बघितलं जात असेल याचा अंदाज करा. फासबिंडरने चित्रीकरण जेमतेम दोन आठवड्यांत उरकलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने परदेशी कामगारांची भरती थांबवली.

आता तुम्ही ज्याच्यावरून डोळा सरकवून गेलात असं वाटतं ते सांगतो. एमी साठीची विधवा, सफाईचं काम करते. कामाच्या इमारतीत जिन्यात बसून बायका डबा खातात. तिने अलीशी लग्न केल्याचं कळतं आणि बाकीच्या तिच्यापासून सरकून बसतात. एमी एकटी पायरीवर पाव खातेय आणि कॅमेरा तिला कठड्याच्या गजांमधून बघतो. पुढे ती अलीबरोबर काही दिवस सुटीवर जाऊन येते आणि सगळे अचानक गोड वागू लागतात. किराणावाल्याला गिऱ्हाईक तुटल्याचं जाणवलेलं असतं, शेजारणीला तळघरातली जागा हवी असते, मुलाला नातवंड सांभाळायला आई हवी असते. कोणाचंही मन बदललेलं नाही, गरज बदललीय. मग कामावर युगोस्लाव्हियातून आलेली योलांडा नावाची नवी बाई लागते, कमी पगारावर. जेवणाची सुटी होते. बायका घोळक्याने बसतात, त्यांच्यात एमीही. योलांडा एकटी, त्याच पायरीवर, त्याच गजांमागे. कोणी एक अवाक्षर बोलत नाही. तो शॉट काही सेकंदांचा आहे. तेवढ्यात मोबाइलकडे बघितलं तर तुमच्या हाती ‘परक्या माणसाला वाईट वागवू नये’ एवढंच उरतं.

इथे माझी एक फजिती सांगतो. १६ मिलिमीटरच्या प्रिंट यायच्या त्या काळातली गोष्ट. हा चित्रपट तीन डब्यांत आला होता. प्रोजेक्टरवर मीच होतो आणि गडबडीत पहिल्या रिळानंतर थेट तिसरं चढवलं. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. शेवट आला, अली दवाखान्यात, पडदा पांढरा झाला, आणि टेबलावर एक डबा तसाच! काय करणार, माफी मागून दुसरं रीळ लावलं. म्हणजे प्रेक्षकांनी आधी एमीला योलांडाला वाळीत टाकताना पाहिलं आणि मग एमीलाच वाळीत पडताना. चर्चेत एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘तुमचा क्रमच बरा होता की. तिने केलं, तिला भोगावं लागलं.’ बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी मला हा चित्रपट कळला असं मी मानतो. उलटा लावला की ती बोधकथा होते: पेरावे तसे उगवते. सगळे समाधानाने घरी जातात. सरळ लावला की समाधान मिळत नाही, कारण जिने सोसलं तीच जागा मिळताच घोळक्यात जाऊन बसते, आणि ती बाई आपल्याला तोवर आवडायला लागलेली असते. दुःख भोगलेला माणूस शहाणा होतो हा आपला भाबडा समज फासबिंडर त्या पायरीवर मोडतो. त्यात एमी वाईटही ठरत नाही. लग्नानंतर ती अलीला जेवायला घेऊन जाते ते हॉटेल हिटलरच्या पसंतीचं, आणि हे ती कौतुकाने सांगते. तिच्या डोक्यात ते आणि अलीवरचं प्रेम शेजारी-शेजारी सुखाने नांदतात.

नटांच्या पुतळेपणाबद्दल. मराठी प्रेक्षकाला हे खरं तर जड जाऊ नये. तमाशात सोंगाड्या भर गोष्टीत थांबून प्रेक्षकांशी बोलतो, राजाचा शिपाई होतो नि पुन्हा सोंगाड्या होतो, आपल्याला काही खटकत नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तला रंगभूमीवर हेच हवं होतं: प्रेक्षकाने पात्रात विरघळून जाऊ नये, बाजूला उभं राहून विचारावं की हा असं का वागतोय. त्याचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ पुलंनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून आणला तेव्हा तो इतका सहज रुजला त्याचं हे एक कारण असावं. फासबिंडर रंगभूमीवरून आलेला. बागेतल्या कॅफेत पिवळ्या खुर्च्यांच्या रिकाम्या रांगांत ती दोघं बसलेली असतात आणि नोकरमाणसं लांब उभी राहून एकटक बघत असतात. वास्तवात इतका वेळ कोणी असं उभं राहत नाही, बरोबर. पण बघितलं जाण्याचं ओझं किती असतं ते तुम्हाला त्या लांबलेल्या सेकंदांत मोजता येतं.

ही पद्धत फासबिंडरने शोधली नाही. १९३२ सालचा ‘कूले वाम्पे’ बघा. दिग्दर्शक स्लातान दुडोव, लेखनात स्वतः ब्रेख्त, संगीत हान्स आइस्लर. जर्मनीत तेव्हा बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. सुरुवातीला तरुण मुलं वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघतात आणि सायकली हाणत या फाटकातून त्या फाटकात जातात. चाकं, पाय, फाटक, नकारार्थी मान, पुन्हा चाकं. त्यातला एक घरी येतो, बोलणी खातो. सगळे बाहेर गेल्यावर तो खिडकीशी जातो, मनगटावरचं घड्याळ काढतो, जपून बाजूला ठेवतो आणि उडी टाकतो. चेहरा पिळवटलेला नाही, चिठ्ठी नाही. घड्याळ मात्र फुटू नये, कारण त्याची किंमत येईल. खाली जमलेल्यांतली एक बाई म्हणते, ‘एक बेकार कमी झाला.’

चित्रपटावर बंदी आली, मग काटछाट करून परवानगी मिळाली, आणि १९३३ मध्ये नाझींनी तो पुन्हा बंद केला. पहिल्या बंदीच्या वेळी सेन्सॉर अधिकाऱ्याशी झालेल्या बोलण्याबद्दल ब्रेख्तने लिहून ठेवलंय. अधिकाऱ्याची तक्रार अशी की हा माणूस माणसासारखा मरत नाही, काकडी कशी सोलायची ते दाखवावं तसा मरतो. एका दुःखी मुलाची कहाणी दाखवली असती तर हरकत नव्हती, पण इथे एक अख्खा वर्ग खिडकीकडे चालत जातोय असं दिसतं. ब्रेख्तला वाटून गेलं की आपल्या चाहत्यांपेक्षा या माणसाला सिनेमा जास्त कळलाय. माझ्या पाहण्यात समीक्षेचा इतका नेमका परिच्छेद दुसरा नाही, आणि तो सेन्सॉरचा आहे. (या चित्रपटाच्या शेवटी लोकलच्या डब्यात ब्राझीलच्या कॉफीवरून लांब वाद आहे. तिथे मात्र सरळ भाषण आहे, आणि ते मला घड्याळाच्या पासंगालाही पुरत नाही असं वाटतं.)

याच्याही आधी, १९२४ मध्ये, मुर्नाउचा ‘देअर लेट्स्टं मान’. मूकपट. एमिल यानिंग्स एका झकपक हॉटेलचा दारवान आहे, सोनेरी बटणांचा लांब कोट. संध्याकाळी तो घरी परततो ती जागा म्हणजे बर्लिनची चाळच: मधे चौक, चारी बाजूंनी खिडक्या, सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष. त्या कोटामुळे चौकातले लोक त्याला सलाम ठोकतात. पावसात जड ट्रंक उचलून तो जरा दम खात बसतो, मॅनेजर ते बघतो, आणि दुसऱ्या दिवशी कोट काढून घेऊन त्याला तळघरातल्या मुतारीत टॉवेल द्यायला बसवतात. लग्नघरात अब्रू जाऊ नये म्हणून तो स्वतःचाच कोट चोरतो. कोट उतरवताना एक बटण तुटून जमिनीवर पडतं, ते बघायला विसरू नका. संवादपाट्या नाहीतच, शेवटाआधी फक्त एक येते. ती म्हणते की खऱ्या आयुष्यात या म्हाताऱ्याची गोष्ट इथेच संपली असती, पण लेखकाला दया आली. मग एका लक्षाधीशाचा वारसा त्याला मिळतो आणि तो हॉटेलात बसून हादडतो. हा सुखान्त खरा मानायचा की थोबाडीत, यावर आमच्याकडे दरवेळी भांडण होतं. मी थोबाडीतच्या बाजूचा. आदल्याच वर्षी चलनवाढीत लोकांची आयुष्यभराची बचत कागद झाली होती, त्यांच्यापुढे ही लॉटरी ठेवलीय.

आता पूर्व जर्मनी. तिथल्या ‘डेफा’ या सरकारी स्टुडिओत दिग्दर्शकाला ‘व्यवस्था चुकीची’ म्हणता येत नव्हतं, पण ‘व्यवस्था आपली म्हणून सुधारू या’ म्हणायला वाव होता, आणि बराच काळ तो वापरला गेला. डिसेंबर १९६५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीचं अकरावं अधिवेशन झालं आणि जवळपास वर्षभराचं काम डब्यात गेलं. फ्रांक बायरचा ‘श्पूर देअर श्टाइने’ १९६६ मध्ये लागला आणि काही दिवसांत उतरवला गेला. त्यात आहे काय? एका मोठ्या बांधकामाच्या जागेवर सुतारांची टोळी, त्यांचा दांडगट म्होरक्या, नियोजनात माल मिळत नाही म्हणून दुसऱ्याचा पळवणं, आणि नीतीच्या गप्पा मारणारा पक्षाचा माणूस, ज्याचं स्वतःचं प्रकरण लपवलेलं. पक्षाचे आदर्श पात्रांनी इतके मनावर घेतलेत की पक्षालाच ते झेपले नाहीत. बर्लिनची भिंत पडेपर्यंत हा चित्रपट कपाटात होता. तिथला प्रेक्षक दोन ओळींमधलं वाचायला शिकलेला, त्यामुळे एक खाकरणंसुद्धा अर्थपूर्ण. आपल्याला ते खाकरणं ऐकू येत नाही, हे मान्य करून टिपण द्यावं लागतं.

आणि आता थोडी कुरकुर. पूर्व जर्मनी म्हटलं की हमखास सुचवला जातो तो २००६ सालचा ‘दास लेबेन देअर आंडरेन’. ऑस्कर मिळालेला, घट्ट बांधलेला, मीही दोनदा लावलाय. पण त्यात टीका कमी आणि दिलासा जास्त आहे. पाळत ठेवणारा श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी संगीत ऐकून विरघळतो. बर्लिनमधल्या पूर्वीच्या श्टाझी तुरुंगाच्या स्मारकात चित्रीकरणाला तिथल्या संचालकांनी नकार दिला होता तो याच मुद्द्यावर, की छळ करणाऱ्याला नायक करताय. प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडतो, आणि पाळतीवरच्या चित्रपटातून माणूस हलका होऊन बाहेर पडणं मला पटत नाही.

ऑस्ट्रियाच्या हानेकेचा ‘फनी गेम्स’ (१९९७) याच्या उलट टोकाला. मारेकरी पोरगा कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतो, मनासारखं झालं नाही की रिमोट घेऊन चित्रपटच मागे नेतो. हिंसा बघायला आलात ना, मग घ्या, असा सूर. प्रेक्षकाला बोलावून आणायचं आणि आलास का म्हणून झापायचं हे मला मास्तरकीचं वाटतं. त्याचाच २००९ चा ‘दास वाइसं बांड’ मात्र निवडा. १९१३-१४ चं एक प्रॉटेस्टंट खेडं, मुलांच्या दंडाला पावित्र्याची आठवण म्हणून बांधलेली पांढरी फीत, आणि गावात घडणारे क्रूर प्रकार. गुन्हेगार सापडत नाही. तो कोण हे सगळ्यांना माहीत असावं आणि कोणी म्हणू नये, असं ते गाव आहे.

एवढ्या अंधारात एक हसवणारा चित्रपट ठेवाच. स्वित्झर्लंडचा ‘डी श्वाइत्सरमाखर’, १९७८, दिग्दर्शक रोल्फ लिसी. नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्यांच्या घरी दोन पोलीस चौकशीला जातात. इटालियन मिठाईवाला, जर्मन मानसोपचारतज्ज्ञ, युगोस्लाव नर्तकी. स्विस व्हायला किती स्विस असावं लागतं हे ठरवता ठरवता पोलिसांचीच तारांबळ. तिथल्या लोकांनी हा चित्रपट अक्षरशः डोक्यावर घेतला. स्वतःची इतकी चेष्टा लोकांनी तिकीट काढून का बघितली, हा चर्चेला चांगला विषय आहे.

तर क्लबसाठी माझा क्रम. ‘देअर लेट्स्टं मान’ पहिला लावा, कारण तिथे ऐकायला काही नाहीच, डोळा आपोआप कामाला लागतो. त्याच्या पाठोपाठ ‘कूले वाम्पे’, आणि मगच फासबिंडर पुन्हा. तुम्ही स्वतः दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त जिना, दारं आणि खुर्च्यांवर लक्ष ठेवा. चौथ्या दिवशी हानेके किंवा स्विस, मुलांचा अंदाज घेऊन ठरवा. परीक्षेच्या दिवसांत हानेके नको. ‘श्पूर देअर श्टाइने’ दोन तासांच्या वर जातो आणि टिपण मागतो. पोरं टिकली तर पुढच्या वर्षी.

मधे पंचवीसेक मिनिटं मोकळी असतील तर जर्मन दिग्दर्शक हारून फारोकीचा १९६९ चा नापामवरचा, म्हणजे आगलाव्या बॉम्बमधल्या ज्वालाग्राही पदार्थावरचा, लघुपट मिळवा. फारोकीचे वडील भारतीय. टेबलामागे बसून फारोकी स्वतः व्हिएतनाममधल्या एका जळीत माणसाचा जबाब वाचतो. मग म्हणतो, भाजल्याची चित्रं दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल, आधी चित्रांसमोर, मग आठवणीसमोर, मग वस्तुस्थितीसमोर. चित्र दाखवतच नाही. जळती सिगारेट घेतो आणि स्वतःच्या हातावर विझवतो. निवेदक सांगतो, सिगारेट ४०० अंशांवर जळते, नापाम ३००० अंशांवर.

खेळानंतर ‘संदेश काय होता’ असं विचारू नका, मुलं निबंध सांगायला लागतात. ‘कोण कोणाजवळ बसलं होतं’ एवढंच विचारा आणि फळ्यावर काढायला लावा. आणि आता रिळं नसली तरी फाइल आदल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघा. फासबिंडरची आमच्याकडे असलेली एक प्रत अशी आहे की सबटायटल्स लग्नापर्यंत नीट चालतात आणि पुढे चार सेकंद मागे पडतात, त्यामुळे किराणावाल्याचा नकार अलीच्या तोंडी येतो.